बारा मिलिमीटर

स्लाइडखालून पेटता काकडा फिरवते.
वाफ यायला हवी, उकळी नको.
लाल रंग पाच मिनिटं बसू द्यायचा,
मग वरून आम्ल, सगळं धुऊन नेणारं.
उरलेलं निळ्यात बुडवायचं.
आम्लाला जो भीत नाही, तो लालच राहतो.
अठरा वर्षं. गोवंडीतली ही खोली.
पंखा बंद, खिडकी उघडी,
देवनारचा वारा फुकट.

आज तेविसावा नमुना:
शिगवण, यशवंत, वय एक्कावन्न, वॉचमन,
चेंबूरला, बावीस मजली टॉवर.
बेडक्याची डबी ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले,
"बाई, चौदा वर्षांत रजिस्टरात सही घेतल्याशिवाय
कुणाला लिफ्टपर्यंत जाऊ दिलं नाही.
गॅसवाला असो, नाहीतर सेक्रेटरीचा मेहुणा.
मग हा माझ्यात घुसला कसा?"

मी म्हटलं, उद्या रिपोर्ट घ्या.

आता शंभराच्या भिंगाखाली, तेलाच्या थेंबात,
निळ्या रानात लाल काड्या.
किंचित वाकलेल्या. दोन-दोन, कुठे जुडीच.

घुसला नाही हो, शिगवण.
त्याला आत घेतलं.
फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यात
हवा रक्ताला भेटते, तिथे एक पेशी फिरत असते,
तुमच्या जन्माआधीच कामावर रुजू झालेली.
तिला कुणी शिकवावं लागत नाही.
परकं दिसलं की कवेत घेते, गिळते,
गिळलेल्याला एका पिशवीत कोंडते.
पुढचं ठरलेलं असतं: दुसऱ्या पिशव्या येणार,
आम्लाच्या, कातरणाऱ्या रसांच्या,
हिला चिकटणार, आणि विषय संपला.

हा नेमकं तेवढंच होऊ देत नाही.
अंगभर मेण. ओळख पटायच्या खुणा मेणाखाली,
म्हणून बोंब उशिरा होते
आणि कुमक येते ती भलतीच.
पिशवीत बसून तो भिंतीला आतून काहीतरी सांगतो
(काय, ते मोठमोठ्या लॅबांनाही अर्धंमुर्धंच कळलंय)
की आम्लाची गाडी दारापर्यंत येते
आणि वळून जाते.
मग गिळणाऱ्याच्याच पोटात चूल मांडतो.
म्हणजे वॉचमनच्याच केबिनमध्ये,
त्याच्याच स्टुलावर बसून
त्याच्याच डब्यातलं तूप खातो.

ही उपमा शिगवणांना सांगायची नाही.
त्यांना लागेल.
शिवाय पुरती खरीही नाही.
पेशीला डुलकी लागली नव्हती, तिने चहा घेतला नव्हता,
कुणाकडून वीस रुपये तर नाहीच.
नेमून दिलेलं काम तिने चोख केलं.
त्याला तेच हवं होतं.

तीन प्लस. लाल पेनाने.

सकाळी ते आले, युनिफॉर्ममध्येच, टोपी काखेत.
सहा महिने गोळ्या, मी म्हटलं, एक दिवस चुकवायचा नाही.
"सोसायटीला काय सांगू?"
घरी कोण कोण?
"बायको, मुलगी. मुलीचं सव्वा वर्षाचं."
घर मानखुर्दला, पुनर्वसनाच्या इमारतीत,
समोरची भिंत हात लांबवला की लागते,
दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते.
हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही,
पत्ता म्हणून सांगितलं.
बाळाला घेऊन या, मी म्हटलं.
त्यांनी टोपी घातली, परत काढली.

माझ्याही हातावर टोचलं होतं,
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.
बहात्तर तासांनी रोझलिन सिस्टरने पट्टी लावली: बारा मिलिमीटर.
"भेट झालेली आहे," म्हणाली, "आजार नाही."
एक्स-रे स्वच्छ. भूक बरी.
कुठल्या पेशीत बसलाय, जागा की निजलेला,
ते माझ्या भिंगाला दिसत नाही.
पुलाचा जिना चढताना ठसका आला
की मी कठडा धरून मोजते. एक, दोन.
तिसरा आला नाही की चालू लागते.